गंधकाची साक्ष
लाखोळीच्या डाळीपासून चेतासंधीपर्यंत : बंगळुरूच्या शोधनिबंधांतून उभा राहणारा इतिहास

१९६४ साली ‘बायोकेमिस्ट्री’ या अमेरिकी नियतकालिकाच्या तिसऱ्या खंडात एक छोटा निबंध छापून आला. लेखक तिघे : एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. सर्मा. पत्ता बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जीवरसायनशास्त्र विभागाचा. लाखेच्या दाण्यातून आपण एक अमिनो आम्ल वेगळे काढले आहे, त्याची रचना निश्चित केली आहे आणि ते मज्जासंस्थेला विषारी आहे, एवढेच त्यांचे म्हणणे. त्याआधी वर्षभर, १९६३ मध्ये, बंगलोरहूनच निघणाऱ्या ‘करंट सायन्स’मध्ये या तिघांनी या पदार्थाची पहिली वार्ता दिली होती. कोंबडीच्या कोवळ्या पिलांना तो टोचला की त्यांना झटके येत, मान वाकडी होई.

त्या पदार्थाचे रासायनिक नाव लांबलचक आहे. शास्त्रज्ञ त्याला ओडॅप किंवा बोआ म्हणतात. विदर्भातल्या वाचकाला मात्र डाळीचे नाव सांगितले की पुरे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात पिकणारी लाख, लाखोळी किंवा लाखोरी ती हीच. हिंदी मुलखात तिला खेसारी आणि तिवडा म्हणतात. उभ्या धानात, बांधीत ओल असतानाच तिचे बी फेकतात. नांगरट नको, पाणी नको, खत नको. बाकीची पिके करपली तरी ही तगते, म्हणून दुष्काळात ताटात हीच उरते. आणि महिनोन्महिने हीच ताटात राहिली, की काही माणसांचे पाय कायमचे ताठरतात.

मेंदूच्या पेशींवर अँटिऑक्सिडंट औषधे काय करतात आणि त्या पेशींतल्या प्रथिननिर्मितीशी त्यांचा संबंध काय, हा आजचा प्रश्न. बंगळुरूपुरता त्याचा माग काढत मागे गेले, तर वाट या डाळीपाशी पोचते. तो माग मी छापील शोधनिबंधांच्या आधारे लावून पाहिला. खाली मांडला आहे तो त्यातून जुळलेला क्रम.

साधनांविषयी

शोधनिबंध हे इतिहासाचे अस्सल साधन आहे, पण त्याची सगळी कलमे सारख्या वजनाची नसतात. काय केले आणि काय मोजले, हा भाग साक्षीचा. त्याचा अर्थ काय, हा भाग लेखकांच्या मताचा. पुढे औषध म्हणून याचा उपयोग होईल, हे वाक्य आशेचे. बखर वाचताना आपण लढाईची तारीख आणि सेनापतीची स्तुती वेगळी करतो, तीच शिस्त इथेही लागते. दुसरी अट प्राण्याची. काचेच्या बशीतील मेंदूचा काप, जिवंत उंदीर, मृत माणसाचा जतन केलेला मेंदू आणि जिवंत रुग्ण हे चार वेगळे साक्षीदार आहेत. एकाची साक्ष दुसऱ्याच्या नावावर लिहिली, की इतिहास बिघडतो आणि औषधोपचारही.

डाळ आणि पाय

हा आजार बंगलोरच्या प्रयोगशाळेपेक्षा पुष्कळ जुना. आयुर्वेदात ‘कलायखंज’ हे रोगनाव आहे. कलाय म्हणजे कडधान्य आणि खंज म्हणजे लंगडा. नावातच निदान आहे. इंग्रजी अमदानीतली ठळक नोंद विल्यम स्लीमन यांची. १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्यांनी सागर प्रांतातली हकिकत दिली आहे. लागोपाठ काही वर्षे गव्हाचे पीक बुडाले, शेतात लाखेचीच डाळ उरली, लोक तीच खात राहिले आणि १८३३ च्या सुमारास तरण्या माणसांचे कमरेखालचे अंग लुळे पडू लागले. विसाव्या शतकात रिवा भागात मजुरीच या धान्यात दिली जाई, तेव्हा आजाराचा भार कोणत्या घरांवर पडला असेल ते वेगळे सांगायला नको. १९६१ मध्ये केंद्र सरकारने या डाळीच्या विक्रीवर बंदी घातली. बंदी आधी आली आणि विषाची रासायनिक ओळख तीन वर्षांनी पटली, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१९६४ च्या निबंधाने विषाला नाव आणि रचना दिली. ते विष पेशीत नेमके काय बिघडवते, हा प्रश्न त्यानंतर जवळपास तीस वर्षे उभा राहिला.

निम्हान्समधली वर्षे

हा प्रश्न पुढे नेणाऱ्या संशोधिका विजयालक्ष्मी रवींद्रनाथ. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत काम करून १९८१ मध्ये त्यांनी म्हैसूर विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत काही वर्षे काढली आणि १९८६ मध्ये त्या बंगलोरच्या निम्हान्समध्ये रुजू झाल्या. अन्नशास्त्रातून आलेली व्यक्ती मेंदूच्या रुग्णालयात पोचली आणि डाळीच्या विषाकडे वळली. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव आहे, असे कोणताही निबंध सांगत नाही. क्रम मात्र तसा आहे.

१९९३ मध्ये ‘ब्रेन रिसर्च’मध्ये पै आणि रवींद्रनाथ यांचा निबंध आला. त्यात विषाचे लक्ष्य सापडते. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात विकरांची एक साखळी असते. तिच्या पहिल्याच कडीला, म्हणजे कॉम्प्लेक्स-१ ला, हे विष निकामी करते.

त्याहून मोलाचा दस्तऐवज १९९८ चा. डिसेंबरच्या ‘जर्नल ऑफ न्यूरोसायन्स’मध्ये श्रीराम, शंकर, बॉइड आणि रवींद्रनाथ या चौघांनी तो लिहिला. यांतले एस. के. शंकर म्हणजे निम्हान्समध्ये मानवी मेंदूंची पेढी उभी करणारे विकृतिशास्त्रज्ञ. उंदरांना हे विष दिल्यावर कॉम्प्लेक्स-१ चा ऱ्हास साऱ्या मेंदूत सरसकट झाला नाही. तो पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच्या कमरेकडील भागात आणि हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या पट्ट्यात दिसला. स्लीमन यांनी पाहिलेले लुळे पाय याच दोन जागांवर अवलंबून असतात. एकशे पासष्ट वर्षांच्या अंतराने दोन साक्षी एकमेकींना येऊन मिळतात त्या इथे.

याच निबंधात अँटिऑक्सिडंट औषधे पहिल्यांदा या कथेत येतात. ती कशी काम करतात हे कळायला गंधकाची थोडी ओळख हवी.

प्रथिने अमिनो आम्लांची बनतात. त्यांतल्या सिस्टीन या आम्लाच्या टोकाला गंधक असतो आणि त्याला हायड्रोजन चिकटलेला असतो. या जोडीला थायॉल म्हणतात. ही दाराची उघडी कडी समजावी. पेशीत ऑक्सिजनची आक्रमक रूपे वाढली की हायड्रोजन निघून जातो, शेजारचे दोन गंधक एकमेकांत अडकतात आणि कडी लागते. कडी लागली की प्रथिनाचा आकार बदलतो, काम थांबते. ती पुन्हा उघडायला पेशीकडे स्वतःची माणसे आहेत. ग्लुटाथिऑन हा तीन अमिनो आम्लांचा छोटा रेणू आणि ग्लुटारेडॉक्सिन हे विकर, ही त्यांतली दोन.

१९९८ च्या प्रयोगात विषाने ग्लुटाथिऑन घटले, कॉम्प्लेक्स-१ च्या कड्या लागल्या. उंदरांना आधीच ग्लुटाथिऑनचे एस्टर किंवा अल्फा-लायपोइक आम्ल दिले होते, तिथे हे नुकसान टळले. साधे ग्लुटाथिऑन पेशीत सहज शिरत नाही, म्हणून त्याचे एस्टर. लायपोइक आम्लात गंधकाचे दोन अणू असतात आणि पेशी त्यांना आत घेऊन कामाला लावते. दोन्ही औषधे अँटिऑक्सिडंट खरी, पण विशिष्ट जातीची : गंधकाची कडी उघडी ठेवणारी. ‘आधीच’ हा शब्दही वाचकाने इथे अधोरेखित करावा. औषध विषाच्या अगोदर पोचले होते.

मादी उंदरांची साक्ष

लाखेच्या डाळीने येणाऱ्या पंगुत्वाच्या, म्हणजे लॅथिरिझमच्या, साथींच्या वर्णनांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते : पुरुष जास्त पंगू होतात, बायका कमी. याची कारणे मजुरी, आहार आणि श्रम यांत शोधली गेली आणि ती तिथे असतीलही. रवींद्रनाथ २००० साली हरियाणातील मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या संस्थापक संचालक म्हणून गेल्या. तिथल्या २००४ ते २००७ च्या निबंधांनी यात एक जैविक कारण जोडले. मादी उंदरांच्या मेंदूत ग्लुटारेडॉक्सिन मुळातच जास्त असते. इस्ट्रोजेनची वाट औषधाने अडवली की ते घटते आणि मग मादीलाही डाळीचे विष बाधते. २००७ च्या एका निबंधाचा निष्कर्ष तर शीर्षकातच आहे : मादी उंदरांत मायटोकॉन्ड्रिया बिघडतो तो ग्लुटारेडॉक्सिन घटल्याने, केवळ ग्लुटाथिऑन घटल्याने नव्हे.

इथे प्रश्नाचा रोख बदलला. शरीरात अँटिऑक्सिडंट किती आहे, यापेक्षा योग्य जागी कडी उघडणारे विकर आहे का, हे महत्त्वाचे ठरले.

प्रथिननिर्मितीचा धागा

आता दुसरा धागा जोडायला हवा. आठवण पक्की होण्यासाठी मेंदूत नवी प्रथिने तयार व्हावी लागतात, ही कल्पना १९६३ मध्ये प्रयोगाने तपासली गेली. फिलाडेल्फियातील फ्लेक्सनर दांपत्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिननिर्मिती थांबवणारे प्युरोमायसिन उंदरांच्या मेंदूत टोचले आणि शिकलेली वाट उंदीर विसरले. त्या प्रयोगाच्या अर्थावर पुढे वाद झाला, कारण प्रथिननिर्मिती रोखणाऱ्या दुसऱ्या औषधाने तसाच परिणाम दिसला नाही. पण प्रश्न जिवंत राहिला. १९८२ मध्ये स्टुअर्ड आणि लेव्ही यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की चेतापेशीच्या फांद्यांवर जिथे संदेश उतरतात त्या काट्यांच्या बुडाशी रायबोसोमचे पुंजके बसलेले असतात. प्रथिने बनवणारी यंत्रे पेशीच्या मध्यवर्ती कोठारातच नसतात, ती थेट चेतासंधीच्या, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडाच्या, दारात मांडलेली असतात.

चेतासंधीवर प्रथिननिर्मिती दोन तऱ्हांनी चालते. एक रोजची, संथ. दुसरी संदेश आल्याबरोबर तडफेने होणारी. घरातल्या चुलीसारखेच हे. दोन वेळचा स्वयंपाक ठरलेला असतो, पण दारात पाहुणे उभे राहिले की तासाभरात वाढीव पान मांडावे लागते. नवे शिकणे हे पाहुण्यांसारखे असते. त्या वेळी चूल पेटली नाही, तर घर चालू असते पण आतिथ्य होत नाही. ही दुसरी चूल पेटवण्याचा हुकूम एकेटी-१ या प्रथिनाकडून एमटॉर या प्रथिनाकडे जातो.

२०१२ मध्ये ‘फासेब जर्नल’मध्ये दुर्गादॉस, रवींद्रनाथ आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की पार्किन्सनसारखा ऱ्हास घडवणारे एमपीटीपी हे विष उंदराच्या मध्यमेंदूत एकेटीच्या गंधकावर घाव घालते आणि एकेटीचे कार्यरत रूप घटते. डाळीच्या विषाच्या अभ्यासात जी लागलेली कडी सापडली होती, ती आता हुकूम देणाऱ्या प्रथिनावर सापडली.

२०१७ चा दस्तऐवज

रवींद्रनाथ २००९ मध्ये बंगळुरूला परतल्या आणि भारतीय विज्ञान संस्थेत चेताविज्ञान केंद्र सुरू झाले. १९६४ चा निबंध ज्या आवारातून निघाला होता, तेच हे आवार. तिथून २०१७ मध्ये ‘अँटिऑक्सिडंट्स अँड रेडॉक्स सिग्नलिंग’ या नियतकालिकात अहमद, सिंग, दास, कोम्माड्डी, रवींद्रनाथ आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. शिकागोच्या रश विद्यापीठातील डेव्हिड बेनेट हेही सहलेखक होते. आपल्या विषयाचा हा मध्यवर्ती कागद.

प्रयोगातले उंदीर अल्झायमरची मानवी जनुकीय विकृती घातलेले. त्यांच्या मेंदूतून चेतासंधीचे तुकडे वेगळे काढून त्यांतली प्रथिननिर्मिती मोजली. निकाल असा : उंदीर अवघ्या एका महिन्याचा असताना, म्हणजे आजाराची कोणतीही लक्षणे दिसण्याआधी, रोजची प्रथिननिर्मिती शाबूत होती. संदेश आल्यावर होणारी मात्र मंदावलेली होती. नऊ-दहा महिन्यांपर्यंत हा तोटा कायम राहिला. कारण शोधले तेव्हा सापडले ते हे : ऑक्सिजनच्या आक्रमक रूपांनी चेतासंधीतल्या एकेटी-१ वर घाव घातला होता आणि एमटॉरकडे जाणारा हुकूम अडला होता. हा घाव चेतासंधीपुरता मर्यादित होता. अल्झायमरने मृत्यू पावलेल्या माणसांच्या मेंदूंतील चेतासंधीतही प्रथिननिर्मितीचा असाच तोटा आढळला. उंदराची साक्ष माणसाच्या साक्षीला इथे भेटते, आणि या विषयात हे फार क्वचित घडते.

दुरुस्ती कशाने झाली, हे निबंध स्पष्ट सांगतो : एकेटी-१ चे प्रमाण जनुकीय मार्गाने वाढवल्यावर प्रथिननिर्मिती परत आली. २०१९ मध्ये त्याच नियतकालिकात कोम्माड्डी आणि सहकाऱ्यांनी पुढचा पुरावा दिला. महिन्याच्या उंदरांत चेतासंधीतले ग्लुटारेडॉक्सिन-१ घटलेले होते. ते मेंदूत वाढवल्यावर चेतासंधीचा ॲक्टिन या प्रथिनाचा सांगाडा सावरला आणि उंदरांची आठवण परत आली. मानेसरला मादी उंदरांनी दिलेली साक्ष बंगळुरूच्या अल्झायमरच्या उंदरांतही खरी ठरली.

गोळीचा प्रश्न

इतके वाचल्यावर कोणाही वाचकाच्या मनात येईल : मग अँटिऑक्सिडंटची गोळी घेतली तर? त्याचे उत्तर जिवंत रुग्णांच्या चाचण्यांत आहे.

२००५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये सौम्य विस्मरणाच्या ७६९ जणांची चाचणी आली. जीवनसत्त्व ई तीन वर्षे देऊनही अल्झायमरकडे होणारी वाटचाल थांबली नाही. २०१२ मध्ये ७८ अल्झायमर रुग्णांवरील चाचणीत एका गटाला जीवनसत्त्व ई, जीवनसत्त्व क आणि अल्फा-लायपोइक आम्ल १६ आठवडे एकत्र दिले. मेंदूभोवतीच्या द्रवातील ऑक्सिडीकरणाची खूण कमी झाली, म्हणजे औषधाने आपले रासायनिक काम केले. अल्झायमरशी जोडलेल्या अमायलॉइड या प्रथिनाच्या खुणा मात्र तशाच राहिल्या आणि त्या गटाची बौद्धिक चाचणीतली घसरण उलट जास्त वेगाने झाली. २०१४ मध्ये ६१३ रुग्णांच्या चाचणीत जीवनसत्त्व ई ने दैनंदिन कामे करण्याच्या क्षमतेची घट काहीशी मंदावली. हा लाभ नोंदवायलाच हवा. २०१७ मध्ये ७,५४० पुरुषांच्या पाहणीत जीवनसत्त्व ई किंवा सेलेनियमने स्मृतिभ्रंश टळला नाही.

या चाचण्या बंगळुरूच्या निबंधांना खोटे ठरवत नाहीत. दोन्ही शेजारी ठेवून वाचले तर भेद कळतो. जीवनसत्त्व ई पेशीच्या स्निग्ध आवरणात काम करते. गंधकाची लागलेली कडी उघडणे हे त्याचे काम नव्हे. १९९८ मध्ये औषध घाव पडण्याआधी पोचले होते. २०१२ च्या रुग्णांचा आजार आधीच जडलेला होता. २०१७ च्या उंदरात बिघाड पहिल्या महिन्यात, एका विशिष्ट प्रथिनावर, केवळ चेतासंधीत होता. गोळी सगळ्या शरीरात पसरते. शिवाय ऑक्सिजनची आक्रमक रूपे ही निव्वळ शत्रू नाहीत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पेशीबाहेर सुपरऑक्साइड हे त्यांतलेच एक रूप निकामी करणारे विकर उंदरांत अतिरिक्त वाढवले होते. त्या उंदरांची चेतासंधी बळकट होण्याची क्षमता आणि शिकणे, दोन्ही कमी झाले. थोडा जाळ चुलीलाही लागतो.

निर्णय

उपलब्ध साधनांवरून जे खात्रीने म्हणता येते ते असे. लाखेच्या डाळीतले विष मायटोकॉन्ड्रियाच्या गंधकावर घाव घालते, आणि उंदरांत गंधकयुक्त अँटिऑक्सिडंट आधी दिले तर तो घाव टळतो. अल्झायमरच्या उंदरांत आणि त्या आजाराने गेलेल्या माणसांच्या मेंदूत चेतासंधीवर संदेशानंतर होणारी प्रथिननिर्मिती खालावलेली असते. उंदरांत तिचे एक कारण एकेटी-१ चे ऑक्सिडीकरण आहे. एकेटी-१ वाढवल्यावर प्रथिननिर्मिती सावरते, ग्लुटारेडॉक्सिन वाढवल्यावर चेतासंधीचा सांगाडा आणि आठवण सावरतात. बाजारातली अँटिऑक्सिडंट गोळी माणसात हे काम करते, याला या कागदांत आधार नाही.

म्हणून घरातल्या ज्येष्ठांना विस्मरण जाणवू लागले, तर औषधाच्या दुकानातून अँटिऑक्सिडंटची बाटली आणू नका. त्यांना डॉक्टरांकडे न्या, आणि लवकर न्या. बिघाड लक्षणांच्या कितीतरी आधी सुरू होतो, हे २०१७ च्या निबंधाने उंदरांत मोजून दाखवले आहे. माणसात तो केव्हा आणि कोणात सुरू होतो हे शोधण्यासाठी भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्राने कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात ४५ वर्षांवरील १०,००० निरोगी ग्रामस्थांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे. या इतिहासाचे पुढचे साधन तिथे तयार होत आहे.